मोफत आणि रीतसर: अल्बम शोधायचा कसा, सुचवायचा कसा

मोफत संगीत देणाऱ्या सेवेवर पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास एक गोष्ट करतो. शोधपट्टीत ओळखीच्या गायकाचं नाव टाकतो, काही सापडत नाही, आणि ‘इथं काहीच नाही’ म्हणून टॅब बंद करतो. तिथं असतं पुष्कळ, पण ते बहुतेक अशा लोकांचं असतं ज्यांचं नाव आपण कधी ऐकलेलं नाही. मग नावानं शोधणार कसं? म्हणून इथं माग काढत जावं लागतं: एका अल्बमवरून लेबलवर (म्हणजे तो अल्बम काढणाऱ्या संस्थेवर), लेबलवरून दुसऱ्या कलाकारावर, तिथून तो अल्बम आवडलेल्या एखाद्या श्रोत्यावर. असा माग आपोआप तयार होत नाही. कुणीतरी ऐकून, चार ओळी लिहून ठेवलेल्या असतात म्हणून तो लागतो. तेव्हा शोधणं आणि सुचवणं ही दोन्ही कामं एकत्रच शिकलेली बरी.

आधी बघा, हे फुकट कुठलं

रीतसर मोफत मिळणारं संगीत साधारण तीन वाटांनी येतं. पहिली वाट क्रिएटिव्ह कॉमन्सची. कलाकार स्वतःच ‘घ्या, ऐका, वाटा’ असं परवान्यात लिहून देतो. हे परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले आणि मोफत संगीताचा मोठा भाग आज त्यांच्यावरच उभा आहे. दुसरी वाट म्हणजे स्वामित्वहक्काची मुदत संपलेलं संगीत. यात एक गोम आहे. रचनेवरचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणावरचा वेगळा. जर्मन संगीतकार बाख १७५० मध्ये गेला, त्याच्या रचना आता कुणाच्याच मालकीच्या नाहीत; पण त्या गेल्या वर्षी कुणी वाजवून रेकॉर्ड केल्या असतील तर त्या रेकॉर्डिंगवर हक्क आहेच. ‘एवढं जुनं संगीत, म्हणजे फुकट’ हा हिशेब इथंच फसतो. तिसरी वाट म्हणजे हक्क स्वतःकडे राखूनही कलाकारानं खुशीनं उतरवू दिलेलं काही: मैफिलीचं रेकॉर्डिंग, एखादा जुना अल्बम, डेमो.

चौथी वाट चोरीची, आणि ती ओळखायला फार अक्कल लागत नाही. पानावर परवान्याचा पत्ता नाही, कलाकाराचं स्वतःचं पान नाही, मोठ्या कंपन्यांचे कालपरवा आलेले अल्बम रांगेनं मांडलेले, आणि एकाच पानावर चार वेगवेगळी डाउनलोड बटणं. त्यातलं एखादं दाबल्यावर उतरलेल्या फाइलच्या नावाचा शेवट ‘ईएक्सई’ किंवा ‘एपीके’ असा दिसला तर ती उघडू नका, पुसून टाका. ते प्रोग्राम असतात, गाण्याची फाइल अशी नसते.

कुठं काय मिळतं

इंटरनेट आर्काइव्ह हे यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात पसारा असलेलं ठिकाण. १९९६ पासून चालू आहे, पैसे घेत नाही, आणि ऐकायला किंवा उतरवायला सहसा खातंही लागत नाही. पण ‘ऑडिओ’ विभागात थेट शिरलात तर हरवाल. त्यातले दोन संग्रह नवख्यानं लक्षात ठेवावेत. एक ‘नेटलेबल्स’, म्हणजे आपले अल्बम नेटवरच आणि बहुधा मोफत काढणाऱ्या छोट्या लेबलांचा. दुसरा ‘लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह’, जिथं बँडच्या संमतीनं चढवलेली मैफिलींची अडीच लाखांहून जास्त रेकॉर्डिंग आहेत. ‘कम्युनिटी ऑडिओ’ हा तिसरा विभाग आहे, पण तिथं कुणीही काहीही चढवतं. सुरुवातीला तिकडं न गेलेलं उत्तम.

फ्री म्युझिक आर्काइव्ह हे नावानं सारखं वाटलं तरी वेगळं आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्रानं ते २००९ मध्ये सुरू केलं. रेडिओवाल्यांनी केलेलं असल्यामुळे निवडून, चाळून ठेवण्याची शिस्त त्यात पहिल्यापासून होती. २०१८ मध्ये ते बंद पडता पडता राहिलं आणि २०१९ पासून ट्राइब ऑफ नॉइज ही डच कंपनी ते चालवते. शैलीनुसार चाळायला हे सगळ्यात सोपं.

जामेंडो ही सेवा लक्झेंबर्गची. स्वतः ऐकण्यासाठी मोफत, आणि दुकानात किंवा जाहिरातीत वाजवायचं असेल तर त्यासाठी वेगळा विकतचा परवाना, अशी तिची रचना आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत हवं असेल तर म्यूझओपन बघा; हक्काची मुदत संपलेल्या रचनांची मोकळी रेकॉर्डिंग हेच तिचं काम.

बँडकॅम्प खरं तर विक्रीचं ठिकाण आहे, २००८ पासूनचं, तरी या यादीत ते हवंच. तिथं कलाकाराला ‘किंमत तुम्ही ठरवा’ असा पर्याय ठेवता येतो आणि त्यात कमीत कमी रक्कम शून्य असू शकते. खरेदीच्या चौकटीत शून्य टाकलं की अल्बम मिळतो, फार तर ईमेल मागतात. एक बारकावा आहे: कलाकाराला दर महिन्याला ठरावीकच मोफत डाउनलोड देता येतात. काल फुकट असलेला अल्बम आज किंमत मागू लागला तर कलाकाराची नियत बदलली असं समजू नका. बहुधा त्या महिन्याचा कोटा संपलेला असतो.

परवाना वाचायला दोन मिनिटं द्या

नुसतं ऐकायचं असेल तर कुठलाही क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना चालतो. पण आज ना उद्या कुणीतरी तुम्हाला विचारणारच, ‘हे माझ्या व्हिडिओत टाकलं तर चालेल का?’ सुचवणाऱ्याला याचं उत्तर देता आलं पाहिजे.

परवान्याच्या नावातली अक्षरं म्हणजे अटी. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी उपयोग नको. ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटू नका. ‘एसए’ म्हणजे यातून नवं काही केलंत तर तेही याच परवान्याखाली द्या. यांच्या जोडणीतून सहा परवाने होतात, आणि शिवाय ‘सीसी झिरो’ आहे, ज्यात कलाकारानं सगळेच हक्क सोडून दिलेले असतात. लोक अडकतात ते ‘एनडी’पाशी. गाणं जसंच्या तसं, एक सेकंदही न कापता व्हिडिओखाली लावलं तरी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लेखी तो बदलच ठरतो, कारण चित्राला आवाज जोडून नवी कृती तयार होते. म्हणून ‘एनडी’ दिसलं की व्हिडिओचा विचार सोडा. ‘एसए’ असेल तर व्हिडिओही त्याच परवान्याखाली द्यावा लागेल.

‘एनसी’चं प्रसिद्ध उदाहरण नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडच्या ‘घोस्ट्स १–४’ या अल्बमचं. २००८ मध्ये आलेले हे ३६ वाद्यसंगीताचे तुकडे ‘बाय-एनसी-एसए’खाली मोकळे सोडले होते. त्यातल्या एका तुकड्याचा नमुना घेऊन डिसेंबर २०१८ मध्ये ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणं झालं आणि २०१९ मध्ये ते जगभर वाजलं. घरी बसून त्या तुकड्याशी खेळायला कुणालाच विचारायची गरज नव्हती. गाणं बाजारात आणायचं म्हटल्यावर मात्र परवाना पुरेना. मूळ रचनाकार ट्रेंट रेझ्नर आणि ॲटिकस रॉस यांची नावं त्या गाण्याच्या श्रेयात आहेत.

आणखी एक गोष्ट, जी पुढं उपयोगी पडेल: हे परवाने एकदा दिले की मागे घेता येत नाहीत. कलाकारानं उद्या पान काढून टाकलं तरी तुम्ही आज घेतलेली प्रत त्याच अटींवर तुमची राहते. फक्त ते दाखवता आलं पाहिजे. त्यामुळे अल्बम उतरवताना पानाचा स्क्रीनशॉट घ्या, किंवा त्या पानाची प्रत वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती ठेवणारी इंटरनेट आर्काइव्हची सेवा) जतन करा.

शोध: आकड्यांच्या नव्हे, माणसांच्या मागे

पहिली सूचना, ‘सर्वाधिक डाउनलोड’ची यादी बाजूला ठेवा. या सेवांवर तो आकडा आवडीपेक्षा वयाचाच जास्त असतो. दहा वर्षांपूर्वी चढवलेल्या अल्बमला दहा वर्षांचे क्लिक मिळालेले असतात. शिवाय वर दिसतो म्हणून लोक उघडतात, उघडतात म्हणून तो वर राहतो. यादीच्या माथ्यावर व्हिडिओखाली लावायला सोयीचं, कुणालाच न खुपणारं संगीतही भरपूर सापडेल. ते वाईट असतं असं नाही, पण अल्बम म्हणून बसून ऐकायला क्वचितच पुरतं.

शैलीच्या टॅगवरही, म्हणजे अल्बमला लावलेल्या ओळखशब्दांवरही, फार भरवसा नको. ‘अँबियंट’, ‘एक्सपेरिमेंटल’, ‘इलेक्ट्रॉनिक’ हे टॅग इतके सैल वापरले जातात की त्यांखाली पावसाच्या आवाजापासून यंत्रशाळेच्या खडखडाटापर्यंत सगळं निघतं. त्यापेक्षा अरुंद टॅग घ्या: वाद्याचं नाव, गावाचं नाव, एखादी विचित्र जोडणी. ‘चेलो’ आणि ‘ड्रोन’ (एकच सूर लांबवत ठेवणारं संगीत) हे शब्द एकत्र टाकून मिळालेले मोजके निकाल हे ‘अँबियंट’च्या हजारोंपेक्षा कधीही बरे. टॅग बहुतेक वेळा इंग्रजीत असतात, कधी कलाकाराच्या भाषेत. स्पॅनिश किंवा रशियन शब्द टाकून पाहिलात तर ज्याला कुणी हात लावलेला नाही असा साठा हाती येतो.

आता खरी युक्ती. एक आवडलेला अल्बम हाती लागला की त्याचं पान नीट वाचा. उदाहरणार्थ इंटरनेट आर्काइव्हवरचं नेटलेबलचं पान. प्लेअरच्या खाली माहितीची पट्टी असते: कलाकार, तारीख, ‘यूसेज’समोर परवाना, ‘टॉपिक्स’समोर टॅग, ‘पब्लिशर’समोर लेबल. बाजूला डाउनलोडचे पर्याय, आणि सगळ्यात खाली, जिथवर बहुतेक जण जातच नाहीत, लोकांनी लिहिलेल्या समीक्षा. या पानावर तीन धागे आहेत. पहिला लेबलचा. छोटी लेबलं एकदोन माणसं चालवतात, त्यामुळे लेबलची आवड ही त्या माणसाची आवड असते. त्याचा एक अल्बम तुम्हाला पटला तर पाचातले दोन-तीन पटायची शक्यता चांगली.

दुसरा धागा क्रमांकाचा. लेबलं आपल्या प्रत्येक अल्बमला अनुक्रमांक देतात. बल्गेरियाच्या डस्टेड वॅक्स किंग्डमचे अल्बम ‘डीडब्ल्यूके’ आणि पुढे आकडा असे असतात, मोनोटोनिकचे ‘एमटीके’ आणि आकडा. हा क्रमांक बहुधा पानाच्या पत्त्यातच असतो. तो पुसून मागचा किंवा पुढचा आकडा टाका, शेजारचा अल्बम उघडेल. त्याच दिवसांत, त्याच माणसानं निवडलेला. कुठलीही शिफारस-यंत्रणा हे दाखवत नाही.

तिसरा धागा समीक्षकाचा. समीक्षेखालच्या नावावर टिचकी मारा आणि त्यानं आणखी कशावर लिहिलंय ते बघा. ‘फारच छान, धन्यवाद’ असं पन्नास ठिकाणी लिहिणाऱ्याला सोडून द्या. ज्यानं एखाद्या अल्बमला नावं ठेवली आहेत आणि का ते सांगितलं आहे, त्याला धरा. तुमच्याशी त्याचं पटलं नाही तरी चालेल. ज्याची नावड ठाऊक आहे त्याच्या आवडीचा अंदाज बांधता येतो.

बँडकॅम्पवर हाच खेळ जास्त सोपा आहे. अल्बमच्या कव्हरजवळ छोट्या चित्रांची एक रांग दिसते: तो अल्बम ज्यांच्या संग्रहात आहे ते श्रोते. आता लक्षात घ्या, शून्य रुपये टाकून घेतलेला अल्बम संग्रहात जात नाही. म्हणजे ‘किंमत तुम्ही ठरवा’ अल्बमखाली दिसणारी ती माणसं बहुतेक अशी आहेत की ज्यांना फुकट मिळत होतं आणि तरी ज्यांनी पैसे दिले. मोफत संगीताच्या जगात आवडीचा याहून पक्का पुरावा मला माहीत नाही. त्यातल्या काहींनी दोन ओळी लिहून आपला आवडता ट्रॅकही सांगितलेला असतो. त्यांचे संग्रह उघडा. दोघातिघांच्या संग्रहात तुमच्या ओळखीचे एकाहून जास्त अल्बम दिसले तर थांबा तिथंच; पुढचे काही आठवडे तुम्हाला शोधपट्टी लागणार नाही.

मैफिलींच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र वाचायचं वेगळं असतं. एकाच रात्रीच्या एकाच कार्यक्रमाची चार-चार रेकॉर्डिंग असतात. त्यांतलं कुठलं घ्यायचं ते ‘सोर्स’ या ओळीत कळतं. ‘साउंडबोर्ड’ म्हणजे कार्यक्रमाच्या ध्वनिमिश्रणाच्या यंत्रातून थेट घेतलेलं, आवाज स्वच्छ पण कधी कोरडा. ‘ऑडियन्स’ म्हणजे श्रोत्यांत मायक्रोफोन लावून घेतलेलं, त्यात टाळ्या, खोकला आणि सभागृहाचा घुमारा. ‘मॅट्रिक्स’ म्हणजे दोन्हींचं मिश्रण, आणि चांगलं जमलेलं असेल तर डोळे झाकून तेच घ्या. प्रत्येक रेकॉर्डिंग उतरवता येईलच असं नाही. ग्रेटफुल डेड या बँडची श्रोत्यांनी केलेली रेकॉर्डिंग उतरवता येतात, पण साउंडबोर्डवरची २००५ पासून तिथंच ऐकावी लागतात. डाउनलोडचा पर्याय दिसत नसेल तर तो दिलेला नाही असं समजा आणि आडवाटा शोधू नका.

उतरवताना

हे पटकन सांगतो, कारण यात फारसं डोकं चालवायचं नाही.

फोनवर ऐकणार असाल तर एमपीथ्री पुरे. ३२० केबीपीएसला एका मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे ४० मिनिटांचा अल्बम १०० एमबीच्या आत. ‘व्हीबीआर’ (गरजेनुसार बदलणारा दर) लिहिलेलं असेल तर आणखी कमी. फ्लॅक या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत मूळ आवाजातलं काहीच गाळलेलं नसतं, पण फाइल दुप्पट-तिप्पट मोठी होते. अल्बम जपून ठेवायचा असेल, किंवा मैफिलीसारखा एका ट्रॅकमधून दुसऱ्यात वाहत जाणारा असेल, तर फ्लॅकच घ्या. एमपीथ्रीत अशा ठिकाणी कधी कधी बारीकसा खंड पडतो आणि तो फार खटकतो. एमपीथ्रीचं फ्लॅक करण्याच्या फंदात पडू नका. एकदा गाळलेला आवाज परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

ट्रॅक एकेक करून न उतरवता पूर्ण अल्बमची झिप घ्या. झिप उघडताना चूक दाखवली तर ती अर्धवट उतरली आहे, पुन्हा उतरवा. मोठ्या मैफिलींसाठी टॉरेंटचा पर्याय असतो, अडखळणाऱ्या जोडणीवर तोच कामाचा, कारण तो तुटला तिथून पुढं चालू होतो.

उतरलेल्या फाइलींची नावं बऱ्याचदा नुसती ‘०१’, ‘०२’ अशी असतात आणि प्लेअरमध्ये ‘अनोळखी कलाकार’ दिसतो. म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड हा मोफत प्रोग्राम फाइलींतले टॅग (गाण्याचं, कलाकाराचं नाव वगैरे) भरून देतो, पण छोट्या लेबलांचे अल्बम त्याच्या यादीत नसतातही. मग हातानं भरा. फोल्डरला कलाकार, वर्ष, अल्बम असं नाव द्या आणि आत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: मूळ पानाचा पत्ता, परवाना, उतरवल्याची तारीख. कंटाळवाणं काम आहे खरं. पण दोन वर्षांनी कुणाला तरी हा अल्बम सुचवावासा वाटेल, तेव्हा याच तीन ओळी लागतील.

सुचवायच्या आधी

अल्बम पूर्ण ऐका. एकदा दुसरं काम करता करता, एकदा दुसरं काहीही न करता. पहिल्या दोन ट्रॅकवरून सुचवलेला अल्बम ओळखू येतो, कारण सुचवणाऱ्याला फक्त पहिल्या दोन ट्रॅकबद्दलच बोलता येतं. मोफत अल्बमांवर कुणी संपादक बसलेला नसतो. तासाभराच्या ऐवजात वीस मिनिटं भरताड असणं अगदी नेहमीचं. कुठून ऐकावं आणि काय गाळावं हे सांगणारा दुसरा कुणी तिथं नसतो, म्हणून ते तुम्ही सांगायचं.

कुणी ‘अमुकसारखं काही सुचवा’ म्हणालं तर लगेच नावं फेकू नका. आधी विचारा, त्या अल्बममधला नेमका कुठला ट्रॅक? बऱ्याच वेळा कळतं की माणसाला तो बँड नको असतो. त्याला त्यातला एक संथ, गाण्याविना चालणारा तुकडा आवडलेला असतो आणि तसंच तासभर हवं असतं. उत्तरात एक अल्बम द्या, फार तर दोन. वीस दुव्यांची यादी मिळाली की माणूस ती जपून ठेवतो आणि त्यातलं एकही उघडत नाही.

शिफारस लिहायची कशी

मोफत सेवांवर सगळ्यात जास्त दिसणारी शिफारस अशी असते: ‘अप्रतिम अल्बम! नक्की ऐका, पाच तारे.’ यातून एवढंच कळतं की कुणाला तरी बरं वाटलं. ताऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. चार आणि पाच यांच्या पलीकडे कुणी जात नाही, त्यामुळे त्यांना काही अर्थच उरत नाही.

आता हे वाचा:

‘ओपन गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, पियानोवर किमिको इशिझाका, २०१२. बाखची १७४१ मध्ये छापलेली रचना. सुरुवातीला आणि शेवटी तीच एक शांत धून, मध्ये तिची ३० रूपं, म्हणजे एकूण ३२ ट्रॅक. गायन नाही. परवाना सीसी झिरो, व्हिडिओतही वापरता येईल. एकट्या पियानोची सवय नसेल तर सगळं सलग लावू नका. आधी पहिली धून ऐका, मग ३० वं रूप, ज्यात बाखनं लोकगीतांच्या चाली एकमेकांत गुंफल्या आहेत, आणि मग २५ वं. २५ वं संथ आणि उदास आहे. ते आवडलं तर बाकीचं सगळं आवडेल. पहिला ट्रॅक मूळ धुनेचा असल्यामुळे २५ वं रूप २६ व्या ट्रॅकवर आहे. ठेका आणि तालवाद्यं हवी असणाऱ्यांनी हे सोडून द्यावं.’

ही शिफारस मोठी नाही, वाचायला मिनिटभर पुरे. पण ती वाचून माणूस काही ठरवू शकतो. काय आहे, किती आहे, गायन आहे की नाही, काय करता येईल, कुठून सुरुवात करायची, कुणी फिरकू नये. शेवटचं वाक्य लिहायला लोक बिचकतात. कलाकाराचा अपमान होईल असं वाटतं. उलट, कुणासाठी नाही हे सांगितलं की ज्याच्यासाठी आहे त्याचा विश्वास बसतो.

तुलना करायचीच असेल तर ‘अमुक बँडसारखं’ एवढ्यावर थांबू नका. त्या बँडमधलं काय, ते सांगा: गिटारचा तो घोगरा आवाज, की गाणाऱ्याची पुटपुटल्यासारखी लकब, की ढोल उशिरा येण्याची रीत. शब्द सापडत नसतील तर वेळ लिहा. ‘चौथ्या ट्रॅकवर २ मिनिटं १० सेकंदांनी बास थांबतो, ते ऐका’ हे दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगून जातं.

दुवा नेहमी मूळ पानाचा द्या. स्वतः उतरवलेली झिप दुसरीकडं चढवून तिचा दुवा देणं परवान्यात बसत असलं तरी गरज नसताना करू नका. मूळ पानावर गेलेला माणूस तिथली माहिती वाचतो, लेबल बघतो, कदाचित पैसेही देतो. आणि कलाकाराला दिसतं की कुणीतरी येतंय. श्रेय लिहिताना चार गोष्टी पुरतात: कृतीचं नाव, कलाकार, मूळ पान, परवाना.

अल्बम तुमचा स्वतःचा असेल, किंवा मित्राचा, तर पहिल्याच ओळीत तसं लिहा. सुचवायला काहीच हरकत नसते. लपवलेलं कळलं की मात्र तुमच्या मागच्या सगळ्या शिफारशींवर पाणी पडतं.

व्हिडिओसाठी म्हणून सुचवत असाल तर एक इशारा जोडा. परवाना पूर्ण मोकळा असला तरी व्हिडिओच्या सेवेवर स्वयंचलित दावा येऊ शकतो, कारण तेच गाणं दुसऱ्या कुणीतरी आपलं म्हणून नोंदवलेलं असतं, किंवा कलाकारानंच पुढं एखाद्या वितरकाकडं दिलेलं असतं. अशा वेळी मूळ पानाचा तो स्क्रीनशॉट आणि परवान्याचा दुवा देऊन हरकत नोंदवता येते.

कलाकारालाही एक ओळ लिहा. मोफत देणाऱ्याला डाउनलोडचा आकडा दिसतो, पण ऐकलं कुणी आणि त्याला काय वाटलं ते कळत नाही. ‘सहावा ट्रॅक फार आवडला’ एवढं पुरतं. कित्येकदा उत्तर येतं, आणि त्यात आणखी दोन नावं असतात: ‘आवडलं असेल तर माझ्या या मित्राचं ऐका.’ शोधाचा हाही एक धागा, आणि तो कुठल्याच शोधपट्टीत सापडत नाही.

दुवा मेला तर

मोफत सेवा बंद पडतात, लेबलं गुंडाळली जातात, कलाकार पानं काढून टाकतात. वर्षातून एकदा तुम्ही सुचवलेल्या अल्बमांचे दुवे उघडून बघा. पान गेलं असेल तर आधी त्याचा जुना पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाका. माहिती आणि परवाना बऱ्याचदा तिथं मिळतो, गाणी मात्र क्वचित. मग अल्बमचं आणि लेबलचं नाव इंटरनेट आर्काइव्हवर शोधा. नेटलेबलवाल्यांपैकी अनेकांनी आपला साठा तिथंही ठेवलेला आहे. कुठंच नसेल, आणि तुमच्या प्रतीसोबत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची नोंद असेल, तर ती तुम्ही स्वतः चढवू शकता. ‘एनडी’ आणि ‘एनसी’ असले तरी जसंच्या तसं, पैसे न घेता वाटायला सहाही परवान्यांत मुभा आहे. फाइलींची नावं, कव्हर, श्रेय आणि परवाना मूळ होतं तसंच ठेवा, वर्णनात जुन्या पानाचा पत्ता लिहा, आणि कलाकाराचा ईमेल सापडत असेल तर आधी विचारा. त्यानं मुद्दाम काढला असेल तर परवाना काहीही म्हणो, चढवू नका. हे झालं की आपल्या जुन्या शिफारशीत नवा दुवा टाका, आणि जुना खोडू नका, तसाच राहू द्या.